बारा वर्षांची 'मोठी' मुलगी आणि चाळिशीतला 'लहान' बाप

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा 41 वर्षांचा, अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत चांगल्या नोकरीला. घरी मात्र कुणी जरा काही बोललं की फुगून बसतो. ऑफिसात साहेबांशी वाजलं की जेवत नाही. विजेचं बिल भरायचं विसरतो आणि आठवण केली की 'सारखी मागे लागतेस' म्हणून चिडतो. मुलगी 12 वर्षांची, सातवीत आहे. धाकट्या भावाचा अभ्यास घेते, आजीच्या गोळ्यांच्या वेळा तिच्या लक्षात असतात, आईबाबांचं बिनसलं की मध्ये पडते. सगळे नातेवाईक म्हणतात, पोरगी वयाच्या मानाने किती समंजस! मध्यंतरी मोबाइलवर 'मानसिक वय' सांगणारी एक चाचणी घरातल्या सगळ्यांनी दिली. नवऱ्याचं वय 16 आलं, मुलीचं 34. सगळे हसले, ताईंना हसू आलं नाही. त्या विचारतात, मनाचं वय खरंच मोजता येतं का? आणि हा माणूस मोठा कधी होणार?

ताई, आधी त्या चाचणीचं सांगते. आवडता रंग कोणता, पाऊस आला की खिडकीत बसता की भिजायला पळता, असल्या प्रश्नांवरून कुणाच्या मनाचं वय निघत नाही. ते आकडे डोक्यातून काढून टाका. भांडणात तर ते चुकूनही बाहेर काढू नका.

'मानसिक वय' ही कल्पना मात्र खरी आहे आणि ती फार चांगल्या हेतूने जन्माला आली. पॅरिसमध्ये 1905 साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी पहिली बुद्धिचाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुलं वेळेवर ओळखावीत आणि त्यांना वेगळी मदत मिळावी, यासाठी. 1908 मध्ये त्यांनी प्रश्न वयाप्रमाणे लावले. बहुतेक सात वर्षांच्या मुलांना जमतात तेवढेच प्रश्न एखाद्या नऊ वर्षांच्या मुलाला जमत असतील, तर त्याची मानसिक पातळी सातची. पुढे 1912 मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची युक्ती काढली आणि त्यातून बुद्ध्यांक आला. आपल्याकडे कामतांनी हीच चाचणी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. बिने-कामत चाचणी हे नाव मुंबईतल्या पुष्कळ पालकांनी रुग्णालयाच्या कागदांवर वाचलेलं असेल.

पण ही चाचणी तपासते काय? स्मरण, भाषा, तर्क, आकडेमोड. रागावल्यावर मूल काय करतं, चूक कबूल करतं का, दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी त्याला दिसतं का, याच्याशी तिचा संबंध नाही. मोठ्या माणसांसाठी तर मानसिक वय ही मोजपट्टी फार पूर्वीच बाजूला पडली. पन्नाशीतला माणूस चाळिशीतल्यापेक्षा बुद्धीने दहा वर्षं पुढे असतो, असं काही होत नाही. डेव्हिड वेश्लर यांनी 1939 मध्ये प्रौढांसाठी चाचणी काढली तेव्हा वयाचा भागाकार सोडून दिला आणि माणसाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशी केली. रोजच्या जगण्यातली उमज पाहण्यासाठी एडगर डॉल यांची व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी आहे. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी ती भारतीय मुलांसाठी बसवली. मूल स्वतःची बटणं लावतं का, शेजारपाजारी एकटं जातं का, पैसे सांभाळतं का, असं पालकांना विचारून मुलाचं सामाजिक वय काढतात. तीही मुलांसाठीच आहे. सीप्झमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला लावायची नाही.

कायद्यालाही एकच वय पुरत नाही. आपल्याच राज्यात 18 व्या वर्षी मत देता येतं, गाडी चालवता येते. मुलाला लग्न मात्र 21 शिवाय करता येत नाही. बिअरसाठी 21 आणि त्यापुढच्या दारूसाठी 25 पूर्ण लागतात. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 16 ते 18 वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याला परिणामांची जाण होती का हे बाल न्याय मंडळाला आधी तपासावं लागतं. याच्या उलट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एका प्रौढ स्त्रीचं प्रकरण आलं. तिची बौद्धिक वाढ लहान मुलाएवढीच होती, म्हणून मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा तिला लागू करावा, अशी मागणी होती. न्यायालयाने ती मान्य केली नाही. त्या कायद्यातलं वय म्हणजे जन्मतारखेचं वय, असं सांगितलं. निकाल वाचताना त्या स्त्रीच्या आईचं दुःख जाणवतं, पण न्यायालयाची अडचणही कळते. मनाचं वय एकदा कायद्यात घेतलं की ते कुणी, कशाने आणि कोणत्या दिवशी मोजायचं?

आता तुमच्या घराकडे येते.

नवऱ्याबद्दल तुम्ही पहिल्याच ओळीत एक महत्त्वाची गोष्ट लिहून गेलात आणि तिथे थांबला नाहीत. हा माणूस चांगल्या नोकरीत आहे. म्हणजे तो सकाळी वेळेवर उठून गाडी पकडतो, साहेबाने वेडंवाकडं बोललं तर तिथे गप्प राहतो, दिलेलं काम तारखेच्या आत देतो. सोळा वर्षांच्या मुलाला हे रोज जमणार नाही. तेव्हा क्षमता त्याच्यापाशी आहे. ती घराच्या उंबऱ्यावर कुठे जाते, हा खरा प्रश्न आहे.

संशोधनात याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह 11 देशांत 10 ते 30 वर्षांच्या पाच हजारांहून जास्त जणांच्या चाचण्या घेतल्या. 2019 मध्ये ते निष्कर्ष आले. शांतपणे बसून विचार करायची ताकद सोळाव्या वर्षाच्या आसपास मोठ्या माणसांएवढी होते. पण मन तापलेलं असताना, दोस्त बघत असताना, मोह समोर असताना स्वतःला आवरायची ताकद अठरानंतरही वाढत राहते. मेंदूच्या पुढच्या भागाची जडणघडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालते, त्याच्याशी हे जुळतं. 2005 मध्ये त्यांच्याच एका प्रयोगात गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ होता. एकटी खेळताना मुलं मोठ्यांसारखीच सावध होती. मित्र मागे उभे राहिले की त्यांनी कितीतरी जास्त धोके पत्करले. मोठ्यांच्या खेळात मित्रांमुळे फरक पडला नाही. मुंबईकराला हे सांगायला प्रयोगाची गरज नाही. एकटा कॉलेजला जाणारा मुलगा लोकल गाडीत आतल्या बाजूला गुपचूप उभा असतो. तोच चार दोस्तांबरोबर असला की कुर्ल्याच्या पुढे दारात लोंबकळून खांबाला हात लावायला बघतो. तोच मुलगा, तीच अक्कल, तोच दिवस.

म्हणून कुणी माझ्याकडे आलं आणि 'हा वयाने वाढला, मनाने नाही' म्हणालं, की मी शांत वेळेतल्या वागण्यावर फारशी जात नाही. शांत असताना जवळजवळ सगळेच समंजस असतात. मी विचारते, शेवटचं भांडण कशावरून झालं, आणि त्यानंतरच्या एका तासात कोण काय करत होतं ते सांगा. चहा कुणी केला? पहिला शब्द कोण बोललं? 'माझं चुकलं' एवढंच म्हणून तो थांबला, की त्याला लगेच 'पण तू सुद्धा' जोडलं? बायकोने 'आज जमणार नाही' म्हटलं तर ते त्याला नुसतं ऐकता आलं, की त्याचा अपमान झाला? माझ्या अनुभवात माणसाच्या मनाची वाढ या एका तासात जितकी दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाही. राग प्रत्येकाला येतो. राग ओसरल्यावर बिघडलेलं परत जोडायला स्वतः पुढे येणं, ते शब्दांत करणं आणि मोबदला न मागणं, हे शिकावं लागतं. शिकवणारं कुणी नसेल तर पन्नाशीतही येत नाही.

तुमच्या प्रश्नातली अशी एक संध्याकाळ मला फार बोलकी वाटली. नवरा घरी येतो, बॅग टाकतो, आतल्या खोलीचं दार लावून घेतो. तुम्ही पोळ्या करत असता. मुलगी वही मिटते, टीव्हीचा आवाज कमी करते, भावाला घेऊन गॅलरीत जाते आणि जाताना हळूच सांगते, 'आई, आत्ता बिलाचं काढू नकोस, बाबांचा मूड नाहीये.' तासाभराने ताट घेऊन तीच आत जाते. बाबा जेवतात. घर शांत होतं.

आता यात कोण काय शिकलं ते बघा. बाबा शिकले की दार लावलं की ताट आत येतं. जोडायचं काम त्यांना करावंच लागलं नाही. तुम्ही शिकलात की बिलाचं आज नको, मग उद्याही नको, शेवटी ते तुम्हीच भरता. आणि मुलगी शिकली की या घराची हवा ठीक ठेवणं तिच्या हातात आहे. जमलं तर घर शांत, नाही जमलं तर तिची चूक.

बारा वर्षांच्या मुलीच्या समंजसपणाचं कौतुक होतं तेव्हा माझा जीव तिच्यासाठी खालीवर होतो, तो याचसाठी. नवऱ्याचं 16 आणि मुलीचं 34 हे दोन वेगळे आकडे नाहीत. त्याने टाकलेलं ओझं तिने उचललं आहे. कुटुंबांवर काम करणाऱ्या इव्हान बोसोरमेनी-नाज यांनी 1973 मध्ये अशा मुलांबद्दल सविस्तर मांडणी केली. अशी मुलं स्वतःच्याच आईबापांचे आईबाप होतात.

गैरसमज नको. घरकाम केल्याने मुलं करपत नाहीत. आपल्याकडे मुलगी पाणी भरते, मुलगा दळण आणतो, दोघं धाकट्याला शाळेत सोडतात, यात बिघडत काही नाही. कामाला सुरुवात असते आणि शेवट असतो. दळण आणलं की झालं, मग खेळायला पळायचं. बाबांच्या मूडवर लक्ष ठेवण्याला शेवट नसतो. ते अभ्यास करताना चालू असतं, झोपेतसुद्धा. मुंबईच्या घरांत तर याला आडोसाच नाही. एका खोलीत आणि स्वयंपाकघरात पाच माणसं, रात्री दबक्या आवाजात केलेलं भांडणही पोराच्या उशीपर्यंत येतं. तिने झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकलेलं असतं. सकाळी कुणाशी कसं वागायचं हे तिने रात्रीच ठरवलेलं असतं.

अशी मुलं मोठेपणी कशी होतात ते मी लालबाग-परळच्या माणसांत खूप जवळून पाहिलं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला आणि हजारो घरांतली मिळकत थांबली. त्या घरांतली पोरं एका रात्रीत कर्ती झाली. अशाच एका गृहस्थांचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. संपाच्या वेळी ते 14 वर्षांचे होते. पहाटे दुधाच्या पिशव्या टाकायच्या, दिवसा एका दुकानात हमाली. वडील घरी बसून होते आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. धाकट्या दोन बहिणींची लग्नं यांनीच लावली. अख्ख्या चाळीत त्यांचं नाव आदराने घेतलं जायचं. माझ्याकडे आले तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते. तक्रार मुलाची होती, 'तिशीत आला तरी त्याला काही कळत नाही.' बोलता बोलता लक्षात आलं की मुलाची प्रत्येक गोष्ट अजून हेच ठरवतात. नोकरी कुठली, बाइक कोणती, बायकोला माहेरी कधी पाठवायचं. दुसऱ्याच्या हाती काही सोपवलं की त्यांच्या छातीत धडधडायचं. आई गेली तेव्हा सगळी व्यवस्था त्यांनी केली, पण रडू काही आलं नाही. कुणाकडे काही मागायचं असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं. चौदाव्या वर्षी त्यांनी जे केलं त्याला मी मनापासून नमस्कार करते. त्याला परिपक्वता मात्र म्हणत नाही. निभावणं म्हणते. निभावून नेणाऱ्या मुलाच्या आत भ्यालेलं मूल तसंच राहतं, त्याची वाढ करायला कुणाला फुरसत नसते.

आणि बघा, याच गृहस्थांनी स्वतःच्या मुलाला काहीच न सोपवून तुमच्या नवऱ्यासारखा माणूस घडवला. एका पिढीवर वेळेआधी पडलेलं ओझं पुढच्या पिढीला असं अपुरं ठेवतं. तुमच्या सासऱ्यांची आणि सासूबाईंची लहानपणची गोष्ट मला ठाऊक नाही, पण तुम्ही ती कधीतरी निवांत विचारा.

वयाने मोठेपण येत नाही हे आपल्याला परकं नाही. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे त्यांना ठरवता येईना. मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षं जगून हे कोरेच राहिले. ही कथा आपण मुक्ताबाईच्या कौतुकाने सांगतो. मला त्यात चांगदेवांचं जास्त कौतुक वाटतं. एवढ्या मोठ्या नावाच्या माणसाने पुढे त्या लहान मुलीला गुरू केलं. आपल्याला येत नाही हे मान्य करून शिकायला बसणं, ही पोक्त मनाची माझ्या लेखी सगळ्यात भरवशाची खूण आहे, आणि ती कोणत्याही वयात जमू शकते. म्हणून नवरा मोठा कधी होणार याचं उत्तर 'आता कसला होतो' असं नाही.

तो होईल तो त्याच्यावर काही जबाबदारी पडल्यावरच. एखादी गोष्ट पूर्णपणे त्याची करा, मदत म्हणून दिलेली नको. समजा विजेचं बिल. एकदा नीट बसून, भांडण नसताना, रविवारी सकाळी सांगा की हे यापुढे तुझं, मी आठवण करणार नाही. आणि खरंच करू नका. मुदत गेली, दंड लागला, संध्याकाळी मीटरवाला दारात आला तरी तुम्ही पैसे भरायचे नाहीत. दोन महिने जीव वर जाईल, मला कल्पना आहे. बिलापासून सुरुवात करा असं मी म्हणते कारण त्यात कुणाच्या जिवाला धोका नाही. आजीच्या औषधांवर असा प्रयोग करायचा नाही.

तो दार लावून बसला तर ताट आत पाठवू नका. जेवण झाकून ठेवा, बाहेर, आणि तुम्ही मुलांबरोबर जेवा. 'फुगून बस' असं म्हणायचं नाही, 'जेवण ठेवलंय' एवढंच. तो बाहेर येऊन दोन शब्द बोलला तर त्या दोन शब्दांना उत्तर द्या, जुना हिशोब त्याच वेळी काढू नका. पहिल्यांदा जोडायला आलेल्या माणसाला मार बसला तर तो परत येत नाही. आणि एक कळकळीची विनंती, 'तुझ्यापेक्षा पोरीला जास्त कळतं' हे वाक्य बंद करा. त्याला त्यातून लाज मिळते, शहाणपण नाही. आणि पोरीच्या खांद्यावर आणखी एक ओझं चढतं.

मुलीला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा: 'बाबांचा मूड ठीक करणं तुझं काम नाही. आम्ही भांडलो तरी आमचं आम्ही बघू.' एकदा सांगून ती ऐकणार नाही, कारण आजवर तिचा अनुभव वेगळा आहे. तुम्ही तसं वागलात की हळूहळू पटेल. आजीच्या गोळ्या तिच्याकडून काढून घ्या, डबी आणून वारांप्रमाणे भरून ठेवा, देण्याचं काम एखाद्या मोठ्याकडे द्या. नवऱ्याची गाऱ्हाणी तिच्यापाशी करत असाल तर ती थांबवा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण तुमचंही ऐकणारं घरात तीच एक आहे. बहीण, मैत्रीण, कुणीतरी मोठं माणूस त्यासाठी शोधा. मग एक दिवस ती उलट बोलेल, अभ्यास टाळेल, भावाशी टीव्हीच्या रिमोटवरून मारामारी करेल. घाबरू नका, आणि 'तू तर आमची शहाणी बाळ' म्हणून तिला परत कामाला जुंपू नका. बारा वर्षांची मुलगी बारा वर्षांची वागली तर ती बरी होते आहे.

एक तपासणी मात्र करून घ्या. नवरा पहिल्यापासून असाच आहे, की वर्षा-दोन वर्षांत बदलला? विसरणं, टाळणं आणि चिडणं लहानपणापासून असेल तर ते लक्ष टिकवण्याच्या दोषामुळेही असू शकतं, प्रौढांतही तो आढळतो आणि त्यावर उपचार आहेत. मधूनच बदलला असेल तर नैराश्य, दारू, थायरॉइड, अपुरी झोप हे आधी पाहायला हवं. पन्नाशीपुढच्या एखाद्या जबाबदार माणसाचं वागणं अचानक पोरकट झालं तर त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यावं. केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. आधी नुसतं फोनवर बोलायचं असेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि तो हात उचलत असेल किंवा ऑनलाइन जुगारात पैसे घालवत असेल, तर वर लिहिलेलं काहीही करत बसू नका. तो मनाच्या वाढीचा प्रश्न उरत नाही. आधी स्वतःची आणि मुलांची सोय बघा.

समुपदेशकाकडे जाल तेव्हा नवरा यायला तयार नसेल तर एकट्या जा, तरीही फरक पडतो. मुलीला मात्र पहिल्या भेटीला नेऊ नका. ती आली की तिथेही दोघांच्या मधल्या खुर्चीत बसेल आणि तुमचं बोलणं बिघडू नये म्हणून सांभाळत राहील.